तीन तोंडांत ठेवलेला नंबर

सरकारने माणसामागे एक असा नऊ आकडी नंबर वाटला, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी आपापलं ओळखपत्र कुणी कपाटात, कुणी गादीखाली सारलं आणि जो तो आपल्या कामाला लागला. कुलूपवाल्याला मात्र ते जमेना. ज्याने उभा जन्म दुसऱ्यांची दारं बंद करण्यात घालवला, त्याने स्वतःची किमती चीज गादीखाली ठेवायची, म्हणजे न्हाव्याने दाढीचं जंगल वाढवून दुकानात बसण्यापैकीच झालं.

त्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागायचं, म्हणून तो सगळं बसूनच करायचा. समोर किल्ली पकडायचा शिकंजा, उजव्या हाताला लहानमोठ्या कानशी, मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. वर कुणी जिना चढलं की त्याच्या टोपीवर माती पडायची, आणि मातीवरून कोण गेलं ते तो सांगायचा. चिमूटभर पडली तर तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका, ढीग पडला तर घरमालक.

नंबराची भीती त्याच्या मनात घातली ती शेजारच्या इस्त्रीवाल्याने. इस्त्रीवाल्याला एक दिवस फोन आला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, की इस्त्रीवाल्याने खालचा शर्ट करपू दिला आणि त्याला आपला नंबर वाचून दाखवला. पुढे कळलं, की इस्त्रीवाला कागदोपत्री कुठल्याशा लांबच्या गावी कोंबड्यांच्या मोठ्या खुराड्याचा मालक झालाय. कोंबड्या शिंकल्या की नोटीस इस्त्रीवाल्याला. कोंबड्या कुणाच्या शेतात शिरल्या की समन्स इस्त्रीवाल्याला. एकदा तर एक तपासनीस येऊन त्याच्या इस्त्रीच्या टेबलाखाली वाकून बघून गेला.

"मी आयुष्यात कोंबडी पाळली नाही हो," इस्त्रीवाला येईल त्याला सांगायचा. "अंडंसुद्धा मला चालत नाही."

"म्हणूनच चिडल्या असतील तुझ्यावर," कुलूपवाल्याची बायको म्हणाली.

त्याच आठवड्यात भोंगा लावलेली सरकारी गाडी गल्लीतून फिरली. आपला नंबर कुणालाही सांगू नका, असं ती सांगत होती. पुढेही काही सांगत होती, पण तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली. कुलूपवाल्याने जेवढं ऐकलं तेवढं मनावर घेतलं. कुणालाही म्हणजे कुणालाही. त्यात आपणही आलोच.

मग त्याला त्याचा उस्ताद आठवला. उस्तादाने एका गोदामासाठी तिजोरी बनवली होती. तिला तीन किल्ल्या, त्या तीन माणसांकडे, आणि तिन्ही एकदम फिरल्याशिवाय दार हलायचं नाही. कुलूपवाला तेव्हा शिकाऊ होता. त्याने विचारलं होतं, लोखंड अजून जाड घ्यायचं का.

"लोखंडाचं काय घेऊन बसलास," उस्ताद म्हणाला होता. "किल्ल्या कुणाला दिल्यात ते बघ. मालक, मालकाचा भाऊ आणि भावाचा मेहुणा. हे तिघं एका खोलीत आले तर माझं नाव बदल. कुलपाची ताकद लोखंडात नसते बाबा. तिघांचं न पटण्यात असते."

ती तिजोरी त्यानंतर कधीच उघडली नाही. आत काय होतं ते अजून कुणाला ठाऊक नाही. उस्तादाचं सगळ्यात यशस्वी काम म्हणून धंद्यातले लोक तिचं नाव काढायचे.

तेव्हा कुलूपवाल्याने आपल्या नंबराचे तीन तुकडे केले आणि ज्यांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य आहे अशी तीन माणसं घरातच शोधली. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पहिले तीन आकडे त्याने बायकोच्या कानात सांगितले. मधले तीन भिंतीपलीकडे वेगळी चूल मांडलेल्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या. शेवटचे तीन जावयाच्या.

बायकोचं आणि ताईचं पटत नव्हतं ते एका चहावरून. बायको नवीन नवीन घरात आली तेव्हा तिने ताईला चहा करून दिला, आणि ताई घोट घेऊन म्हणाली, "गरम आहे." एवढंच म्हणाली. बायको ते "एवढंच" जन्मभर विसरली नाही. जावयाचं दोघींशीही पटत नव्हतं ते एका खुर्चीवरून. सासुरवाडीला आला असताना सासूने त्याला खुर्ची दिली, खुर्चीचा पाय निसटला, जावई उताणा पडला आणि ताई हसली. त्याने कपडे झटकले, चप्पल घातली आणि गेला. तेव्हापासून त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

आकडे वाटून झाल्यावर कुलूपवाल्याने बारीक कानस घेतली आणि ओळखपत्रावरचे नऊच्या नऊ आकडे घासून गुळगुळीत केले. उरला तो त्याचा फोटो.

"आता हे कशाचं कार्ड?" बायकोने विचारलं.

"माझं."

"तुम्ही तुम्हीच आहात हे मला माहीत आहे. त्यासाठी कार्ड कशाला?"

आता राहिलं होतं ते त्याचं स्वतःचं डोकं. नंबर त्यातूनही काढायला हवा होता. मग तो काम करताना भलतेसलते आकडे मोठ्याने म्हणत बसायचा, म्हणजे खरे त्यांच्या गर्दीत हरवतील. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा मोजमाप घेतोय. शेवटी एक दिवस त्याला काही केल्या आपला नंबर आठवेना. तो घरी येऊन "विसरलो, विसरलो" म्हणून बायकोला इतक्या आनंदाने सांगायला लागला, की तिला वाटलं, घरमालकच घर सोडून गेला.

नंबर आता असा बंद झाला होता, की खुद्द मालकालाही आत शिरायला फट नव्हती.

मग डोळे बिघडले.

आधी शिक्षिका किल्ली परत घेऊन आली. "काका, ही माझ्या दाराला लागत नाही. पण शाळेतल्या कपाटाला लागते, ते गेली कित्येक वर्षं कुणाला उघडत नव्हतं." ती खूश होती, पण कुलूपवाला चरकला. मग एका गिऱ्हाइकाला त्याने किल्ली दिली ती कशालाच लागेना. मग एकाला दिलेली किल्ली बघून तो म्हणाला, "हा कंगवा छान झालाय." कुलूपवाल्याला खाचा दिसतच नव्हत्या. सगळं दुधात बुडवल्यासारखं झालं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. मोतीबिंदू, आणि तोही पूर्ण पिकलेला. "मंगळवारी एक डोळा करून टाकू. हा मंगळवार हुकला तर पुढची तारीख पुढच्या वर्षी, आणि तोवर हा डोळा थांबेल असं मला वाटत नाही. खिडकीवर नाव नोंदवा."

डोळे नसले तर जिन्याखाली बसून टोपीवरची माती मोजण्याखेरीज दुसरा धंदा उरणार नव्हता. कुलूपवाला तडक खिडकीवर गेला.

"नंबर?" खिडकीतली बाई म्हणाली.

"आहे."

"सांगा."

"मला माहीत नाही."

"कार्ड द्या मग." तिने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "यावर नंबर कुठाय?"

"सुरक्षित आहे."

बाईने चष्मा काढून ठेवला. "हे बघा काका, कुणाला सांगू नका म्हणजे फोनवरच्या अनोळखी माणसाला सांगू नका. मी इथे खिडकीत बसलेय, समोर माझ्या नावाची पाटी आहे, मागे पंखा बंद पडलाय. मी पळून कुठे जाणार? ओळखपत्राच्या कार्यालयात जा आणि नंबर पुन्हा काढून आणा."

ओळखपत्राच्या कार्यालयात एका हसतमुख कारकुनाने त्याला छोट्या मशिनसमोर बसवलं.

"बोट ठेवा."

त्याने ठेवलं. मशिन लाल झालं.

"बोट आढळत नाही म्हणतंय," कारकून म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"बोटच आहे. पण रेषा नाहीत तुमच्या बोटाला."

कशा असतील? साठ वर्षं कानस चालवता चालवता त्याने किल्ल्यांबरोबर स्वतःची बोटंही घासून काढली होती. दहाही बोटं झाली. मशिनच्या मते त्याला हातच नव्हते.

"काही हरकत नाही," कारकून म्हणाला. "डोळा लावा इथे." मग बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला. "मोतीबिंदू आहे वाटतं. डोळ्याचं ऑपरेशन करून या, मग लगेच निघेल."

"ऑपरेशनला नंबर लागतो."

"आणि नंबराला डोळा लागतो," कारकून मान हलवत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने चहा मागवला.

"यावर काही तोडगा?"

"आहे ना. तुम्ही मला तुमचा नंबर सांगा, मी दोन मिनिटांत तुम्हाला तुमचा नंबर काढून देतो."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको भांडी घासत होती.

"माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "मी सांगेन, थेट खिडकीवर येऊन सांगेन. पण ताईंनी आधी सांगायला पाहिजे."

"अगं, पहिले तीन तुझ्याकडे आहेत. पहिले आधी लागतात."

"मग त्यांना द्यायचे होते पहिले. मी तोंड उघडायचं आणि त्यांनी ऐकून घ्यायचं? आधी त्या, मग मी."

हे बोलताना ती भलतीकडेच बघत होती. पण त्याला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

ताईचं बाजारात बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान होतं. भिंतभर काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एका रंगाची बटणं, आणि मधोमध उंच स्टुलावर ताई. तो गेला तेव्हा एक शिंपी गल्ल्यापाशी उभा होता.

"कोटाची सात बटणं द्या, काळी."

"सहा घे," ताई म्हणाली.

"कोटाला सात लागतात."

"मग आठ घे. एक पडलं तर असू दे."

शिंप्याने वाद न घालता आठ घेतली आणि बाहेर पडताना कुलूपवाल्याच्या कानाशी लागला. "तुमच्या ताईंकडे सात मिळतच नाहीत बघा. अजून दोन आकडे आहेत, तेही कधी तोंडातून काढत नाहीत. सगळ्या बाजाराला पाठ आहेत."

कुलूपवाल्याने घाईने कानांवर हात ठेवले. आपले आकडे घ्यायचे तर ज्याच्याकडे ठेवले त्याच्याच तोंडून, बाजाराच्या नाही. पण ताईने जीव लावून राखलेले आकडे असे तिच्या न बोलण्यातूनच बाजारभर झाले होते.

"ताई, ते मधले तीन हवे होते."

"कशाला?"

"एका कामाला. बायको म्हणते, आधी तू सांग, म्हणजे मग ती—"

पुढचं वाक्य डोळ्यांचं होतं. पण बायकोचं नाव निघालं आणि ताई स्टुलावरून उतरली.

"तिने पाठवलं तुला? तरीच. आधी मी सांगायचं काय. तिला म्हणावं, पहिले तुझ्याकडे आहेत ना, मग पहिली तू बोल. गरम चहाला गरम म्हटलं तर चाळीस वर्षं तोंड फुगवून बसणारी बाई ती. मी सांगते आधी, वाट बघ म्हणावं."

तेवढ्यात दुकानात चार गिऱ्हाइकं शिरली. डोळ्यांची गोष्ट तोंडातल्या तोंडात ठेवून कुलूपवाला बाहेर पडला.

राहिला जावई. जावई एका बारा मजली कचेरीत लिफ्ट चालवायचा. निळा गणवेश, खांद्यावर पितळी बिल्ला, बसायला गोल स्टूल.

"या बाबा," जावई अदबीने म्हणाला. "कितव्या मजल्यावर?"

"तुमच्याकडेच आलोय."

"मला मजला नाही. मी फिरता."

दार मिटलं. कुलूपवाल्याने घसा साफ केला. "ते शेवटचे तीन—" एवढ्यात दार उघडून फाईलवाले तिघं आत आले. तो छताकडे बघत उभा राहिला. ते उतरले. "ते शेवटचे तीन हवे होते, डोळ्याच्या—" पुन्हा दार, पुन्हा माणसं. असं खालपासून वरपर्यंत आणि वरून खालपर्यंत झालं.

"मला राग नाही," जावई भर लिफ्टमध्ये म्हणाला. "पडलो तो पडलो. हसायचे ते हसले. मी त्या खुर्चीबद्दल कधी एक शब्द काढलाय?"

"नाही."

"काढणारही नाही. तीन पायांवर उभी असलेली खुर्ची जावयाला द्यावी का, हे देणाऱ्याला कळायला हवं."

"कुठली खुर्ची?" एका फाईलवाल्याने विचारलं.

मग जावयाने सगळं सांगितलं, अगदी उताणं कसं पडलो तेही. लिफ्ट दोन मजले चुकली पण कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांनी कुलूपवाल्याकडे असं बघितलं, की तो मिळेल त्या मजल्यावर उतरला आणि जिन्याने खाली आला.

"मानाने बसवतील त्या दिवशी सांगेन," मिटत्या दारातून जावयाचा आवाज आला.

सोमवारी सकाळी दुकानात फोन वाजला.

"नमस्कार. मी मुख्य कार्यालयातून बोलतोय. तुमचा ओळख नंबर आज बंद होणार आहे. चालू ठेवायचा असेल तर नऊच्या नऊ आकडे लगेच सांगा."

कुलूपवाला ताडकन उभा राहिला आणि पायरीवर डोकं आपटून खाली बसला.

"देवासारखे भेटलात हो," तो डोकं चोळत म्हणाला. "तुम्ही मुख्य कार्यालयातले, तुम्हीच सांगा ना मला माझा नंबर. उद्या डोळा कापायचाय."

"आजोबा, नंबर तुम्ही मला सांगायचा असतो."

"माझ्याकडे असता तर सांगितला असता की नसता तो पुढचा प्रश्न. पण माझ्याकडे नाहीच. तिघांकडे आहे. तुम्ही सरकारी माणूस, तुमचं ऐकतील." असं म्हणून त्याने बायकोचा, ताईचा आणि जावयाचा फोन देऊन टाकला. कोण कशावरून रुसलंय तेही थोडक्यात सांगितलं, म्हणजे बोलताना जपून बोलावं.

दुपार कलता कलता त्याच माणसाचा पुन्हा फोन आला. आता त्याचा आवाज बसला होता.

"आजोबा, तुमच्या घरची माणसं फार अवघड आहेत."

"मला सांगताय?"

"तुमची बायको म्हणते, ताईंनी आधी सांगावं. ताईंना तसं सांगितलं तर त्या मला विचारतात, गरम चहाला गरम म्हटलं यात काय चुकलं. मी म्हटलं, काहीच चुकलं नाही. मग त्या म्हणाल्या, हे तिला सांग. तिला सांगितलं तर ती माझ्यावरच घसरली. जावयाला फोन केला तर लिफ्टमधल्या दहा लोकांनी मला खुर्चीवरून फैलावर घेतलं. मी दिली होती का खुर्ची?"

"नाही, नाही. तुमचा काय दोष."

"सकाळपासून दुसरा एक फोन करायला वेळ मिळालेला नाही. आमचे साहेब माझ्या डोक्यावर येऊन उभे आहेत." तो जरा थांबला. "पण ताईंना मी तुमच्या डोळ्याचं सांगितलं हां."

"काय सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, त्याला नंबर हवाय तरी कशाला. मी म्हटलं, उद्या ऑपरेशन आहे, नाही झालं तर डोळा जाईल. त्यांना माहीतच नव्हतं. चहाचं बोलणं तिथेच टाकून फोन ठेवून दिला." त्याने सुस्कारा सोडला. "आजोबा, तिघांना एकदा एकत्र बसवा. सुटं सुटं नाही जमणार. मी सगळं करून बघितलं. आणि ऑपरेशन झालं की कळवा."

"कुठे कळवू?"

पलीकडे साहेबांचा आवाज चढला. मग फोन बंद झाला.

मंगळवारी नवराबायको दवाखान्यात खिडकीसमोर उभी राहिली. मागे बाकांवर कुणाच्या एका, कुणाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, अशी माणसं दाटीवाटीने बसली होती. आत डॉक्टरीणबाई हात धुऊन तयार होत्या.

"नंबर?" खिडकीतली बाई म्हणाली.

"सांग," कुलूपवाला बायकोला म्हणाला. "तुझे तीन तरी सांग. पुढचं पुढे बघू."

बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला आठवत नाहीत," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"केव्हाचे. विसरू नये म्हणून भांडी घासताना रोज म्हणायचे. मग एक दिवस त्यात गॅसवाल्याचा नंबर मिसळला, मग दूधवाल्याचा. आता कुठले तुमचे आणि कुठले दुधाचे, काही कळत नाही."

"आणि ताईने आधी सांगावं म्हणत होतीस ते?"

"त्या सांगणार नाहीत याची खात्री होती म्हणूनच."

कुलूपवाल्याने खिडकीच्या कठड्यावर हात टेकले. बोटांखाली लाकडाची रेघ न् रेघ कळत होती, पुढचं मात्र सगळं पांढरं. उस्तादाची ती तिजोरी त्याला आठवली. आत काय होतं ते कुणालाच कधी कळलं नाही, याचं धंद्यातल्या लोकांना इतकं कौतुक का वाटायचं, ते त्याला पहिल्यांदाच समजेनासं झालं. आत एखादा माणूस असता तर?

"तिचे तीन मला येतात," मागून आवाज आला.

ताई होती. दुकानातूनच उठून आली होती, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. तिच्या मागे गणवेशातला जावई. लिफ्ट मधल्याच मजल्यावर थांबवून तिने त्याला दंडाला धरून आणलं होतं.

ताईने खिडकीत डोकं घालून तीन आकडे सांगितले.

"तुम्हाला कसे माहीत?" बायकोने विचारलं.

"तू भांडी घासताना म्हणायचीस, मी पलीकडच्या खोलीत असायचे. ही विसरणार हे मला तेव्हाच दिसलं. म्हणून पाठ करून ठेवले."

बायको आता काय बोलते म्हणून कुलूपवाल्याने मान खाली घातली.

"ठेवलेत ते बरं केलंत," बायको म्हणाली.

"पुढचे?" खिडकीतली बाई म्हणाली.

ताईने मान ताठ केली. "सहा," ती म्हणाली. "नाही, सहा नाही. आठ. आठ नाही." तिचा चेहरा लाल झाला. इतके दिवस टाळून टाळून ते आकडे तिच्या जिभेवर यायलाच तयार नव्हते. "त्यांच्या मधला," ती शेवटी म्हणाली.

"सहा आणि आठच्या मधला?"

"तोच. आणि पुढचे दोन..." ती पुन्हा अडली.

तेव्हा बायकोने पुढे होऊन तिन्ही आकडे ओळीने सांगून टाकले.

"तुला गं कसे?"

"तुमच्या दुकानाला यांनी दिलेलं आकड्यांचं कुलूप आहे ना, त्याला तुम्ही हेच तीन लावलेत. आणि बंद केल्यावर आकडे फिरवायचे तुमच्या लक्षातच राहत नाही. येताजाता दिसतात."

कुलूपवाल्याच्या तोंडून बारीक कण्हण्याचा आवाज निघाला. खिडकीतल्या बाईला वाटलं, डोळा दुखतोय.

"शेवटचे तीन? लवकर करा, आत थांबलेत."

सगळे जावयाकडे वळले. जावई बिल्ला सरळ करत उभा राहिला.

"बसायला काही आहे का?" तो म्हणाला.

खिडकीतली बाई उठली आणि स्वतःची खुर्ची बाजूच्या दारातून बाहेर ढकलली. चाकांची, मऊ पाठीची खुर्ची. जावयाने वाकून तिची चाकं तपासली. बायकोने पुढे होऊन दोन्ही हातांनी पाठ घट्ट धरली. "मी धरलीय. बसा तुम्ही." जावई बसला. चाकं जरा सरकली. ताईने गळ्यातली फीत तोंडात कोंबली, पण हसली नाही.

मग त्याने शेवटचे तीन सांगितले. सावकाश, एकेका मजल्यावर थांबल्यासारखे.

बाईने उभ्याउभ्याच आकडे दाबले आणि सवयीने माइक जवळ ओढला. "खात्री करून घ्या," असं म्हणून तिने नऊच्या नऊ आकडे सगळ्या हॉलला ऐकू जातील असे वाचून दाखवले. "बरोबर?"

"मला काय माहीत," कुलूपवाला म्हणाला.

"बरोबर," तिघं एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. उजेड आधी सुईसारखा आत शिरला, मग पसरला. मनगटावर दवाखान्याची पट्टी होती आणि तिच्यावर त्याचा नंबर ठळक छापलेला होता. त्याचा हात खिशाकडे गेला, पण कानस घरी राहिली होती. मग त्याने दुसऱ्या हाताने ती पट्टी झाकली आणि चालत हॉलमध्ये आला.

समोरच्या बाकावर बायको आणि ताई एका डब्यातून खात होत्या. जावई अजून त्याच खुर्चीवर होता; ती परत मागायची खिडकीतल्या बाईची हिंमत झाली नव्हती, ती स्टुलावर बसली होती. बायकोने थर्मासमधून चहा ओतून ताईला दिला. ताईने घोट घेतला. कुलूपवाला आहे तिथेच थांबला.

"गरम आहे," ताई म्हणाली.

"तसाच लागतो ना तुम्हाला," बायको म्हणाली आणि जावयाचा कप भरायला लागली.

त्याने एका डोळ्याने, पण कसलेल्या कारागिराच्या नजरेने त्या तिघांकडे नीट बघितलं. कुलूप साफ बिघडलं होतं. आता कुणीही यावं, एकाला बोलतं करावं, की बाकीची दोघं आपणहून चहा घेऊन पुढे येतील. उस्तादाला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. तरी ते दुरुस्त करायला हात काही पुढे होईना.

शेजारच्या बाकावरचा, डाव्या डोळ्यावर पट्टी असलेला एक गृहस्थ त्याच्याकडे सरकला.

"काका, काल माइकवर तुमचा नंबर ऐकला. माझ्या पाठच झालाय बघा. पुन्हा कधी विसरलात तर खुशाल मला विचारा."

कुलूपवाल्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, किल्ली घडवण्याआधी कोरी पट्टी न्याहाळतात तसं.

"तुमचं घरात कुणाशी पटत नाही?" त्याने विचारलं.

"सख्ख्या भावाशी. का हो?"

"मग बसा जरा इथे, आणि त्यातले निम्मे आकडे विसरून टाका," कुलूपवाला म्हणाला. "भावाचा फोन नंबर काय?"